चौथं माणूस

आमच्या घरमालकीणबाई सकाळी वर्तमानपत्र वाचत नसत, सभेची विषयपत्रिका वाचत. गावच्या कौन्सिलची सभा सोमवारी संध्याकाळी असे. तिची विषयपत्रिका शुक्रवारी निघे, आणि शनिवारी सकाळी ओट्सच्या वाडग्याशेजारी ती पसरून बाई हातात लाल पेन्सिल घेऊन बसलेल्या असत. मी डोळे चोळत खाली येऊन चहाचं पाणी ठेवी, तोवर त्यांचं सुरू झालेलं असे.

"पान सहा बघ. इथं काहीतरी लपवलंय."

"कशावरून?"

"एवढ्या सोप्या भाषेत हे लोक कधीच लिहीत नाहीत."

पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठाच्या गावात मी पीएच.डी. करत होते, तेव्हाची ही गोष्ट. मी मूळची अकोल्याची. गव्हावर पडणाऱ्या माव्यावर माझं काम. खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ते किडे घरी आणणार का?" मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं, नखं दाखव." मला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. पण त्यांनी खरंच माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि पोटमाळ्यावरची खोली मला देऊन टाकली. त्या आयुष्यभर शाळेत नर्स होत्या. पोरांची नखं, डोकी, दात तपासता तपासता निवृत्त झालेल्या. ती सवय गेली नव्हती.

तिकडे लहानथोर सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. त्यांनीही मला तसंच सांगितलं. पण ऐंशीच्या घरातल्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. तोंडावर मी 'मॅम' म्हणे आणि आम्ही मुली आपसात 'बाई' म्हणायचो. आम्ही तिघी होतो. पुण्याची सायली, कॉम्प्युटरवाली, कोलकात्याची मौशुमी, फिजिक्सवाली, आणि मी. शिवाय बाई. घरात चार माणसं. हा आकडा पुढं माझ्या डोक्यात खिळ्यासारखा रुतून बसणार होता, पण तेव्हा कोण मोजतंय?

बाईंचा एक प्रश्न घरात दिवसभर घुमत असे: "हे कोणी ठरवलं?" बसचा थांबा हलवला, हे कोणी ठरवलं? दुधाची बाटली प्लास्टिकची झाली, हे कोणी ठरवलं? माझी परीक्षा डिसेंबरात का, हे कोणी ठरवलं? आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येई, तो पहिल्याहून अवघड: "आणि ठरलं तेव्हा तिथं कोण कोण बसलं होतं?" मी म्हणे, असेल कुणी कमिटी. त्या म्हणत, "कमिटी म्हणजे खुर्च्या. खुर्च्यांवर कोण होतं ते विचार."

दुसरी गोष्ट म्हणजे फुकटचं काही घ्यायचं नाही. दुकानात चीजचे तुकडे काडीला टोचून चाखायला ठेवलेले असत, बाई त्या टेबलाला वळसा घालून जात. निवडणुकीच्या दिवसांत कुणी उमेदवारानं दिलेलं पेन सायलीनं घरी आणलं, तर बाईंनी ते दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर उचलावा तसं, दाराबाहेर ठेवलं. दिवाळीत मी बेसनाचे लाडू नेऊन दिले. त्यांनी आधी विचारलं, "याच्या बदल्यात तुला काय हवंय?" मी म्हटलं, काही नाही. "नक्की?" "नक्की." मग लाडू खाल्ला, डोळे मिटून खाल्ला, आणि संध्याकाळी माझ्या दारात त्याच डब्यात सफरचंदं भरून ठेवलेली.

हे सगळं त्यांच्या आजीकडून आलेलं होतं. आजीचं नाव दिवसातून चारदा निघे. आपल्याकडे समाजसुधारक म्हटलं की भिंतीवरचा फोटो आणि जयंतीचा हार. बाईंची आजी मात्र त्या घरात अजून जेवायला बसत असे म्हणा ना!

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत सुधारणेची एक लाट आली होती. प्रोग्रेसिव्ह म्हणत त्या लोकांना. बाईंची आजी त्यातली. कॉलेजात शिकलेली, पण मत द्यायचा अधिकार नाही. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी कोळशाच्या खाणींच्या एका गावात मजुरांच्या वस्तीतच घर घेतलं आणि तिथं राहू लागल्या. गाडीवरून येणाऱ्या दुधात पाणी आणि खडू मिसळलेला असायचा, उन्हाळ्यात तान्ही मुलं पटापट जायची. आजीनं स्वच्छ दुधाचं केंद्र काढलं. खाणीबाहेर कोळशातून दगड वेचायला आठ-नऊ वर्षांची पोरं बसवलेली असत, त्यांना तिथून उठवून शाळेत घालण्यासाठी ती मालकांशी भांडली. गावात एकच पुढारी. नोकऱ्या, कंत्राटं, मतं सगळं त्याच्या खिशात. सणाच्या जेवणाला तो घरोघरी फुकट टर्की पक्षी वाटायचा. "आणि त्या एका टर्कीपायी," बाई म्हणत, "गाव वर्षभर घाणेरडं पाणी प्यायचं." नळाचं पाणी, मजुरीचे तास, घराची खिडकी, बायकांचं मत, सगळ्यासाठी ही माणसं सभांमधून बसली, बोलली, हरली, परत बसली. बाईंना ते सगळं कालपरवा घडल्यासारखं वाटे.

एकदा मात्र त्या भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "आजीनं आणखीही एक केलं. लांबच्या देशांतल्या लोकांना इथं येऊ देऊ नये, अशा अर्जावर सही केली. तुझ्याकडच्या लोकांनासुद्धा. ज्या हातानं दूध वाटलं, त्याच हातानं."

मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे मॅम."

"जुनी आहे म्हणून तर सांगते," त्या म्हणाल्या. "मी ते लपवत नाही. पण सांगताना घसा कोरडा पडतो." आणि खरंच त्या पाणी प्यायल्या.

सोमवारी त्यांना सभेला सोबत लागे. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फाची काच होते, पाय घसरला की संपलं. म्हणून आम्ही आळीपाळीनं हात धरून न्यायचो. पहिल्याच सभेला दारात एक कागद होता, आलेल्यांनी नाव-पत्ता लिहायचा. बाईंनी सही ठोकली आणि पेन माझ्या हातात दिलं. बाबांनी विमानतळावर एवढंच सांगितलं होतं: परक्या देशात कशावरही सही करायची नाही. सायलीनंही निघताना बजावलेलं, "यार, नाव बिव लिहू नकोस हं. उद्या व्हिसा स्टॅम्पिंगला विचारलं, की ही कुठल्या मीटिंगला जात होती, तर?"

मी पेन परत दिलं. बाईंनी आग्रह केला नाही. फक्त म्हणाल्या, "ऐकायला सही लागत नाही."

मी भित्री होतेच, पण माझी भीती हवेतली नव्हती. व्हिसावर राहणारं माणूस कायम कान टवकारून असतं. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातून ईमेल आली की उघडायच्या आधी मी उभी राहायची. बसल्या जागी वाईट बातमी वाचू नये असं काहीतरी मनात. पोलिसाची गाडी मागून नुसती गेली तरी मी काय केलं, काय केलं, म्हणून आठवत बसे. अशा माणसाला बाईंसारखी मालकीण मिळावी, जिचा छंदच मुळी सरकारी खुर्च्यांसमोर उभं राहणं!

माझ्या तिसऱ्या वर्षी गावात भाड्याच्या घरांच्या तपासणीचा नियम यायचा होता. तो बाईंनीच लावून धरलेला. गावात काही मालक तळघरांत विद्यार्थी कोंबत. एका खोलीत गाद्या लावून पाच-सहा जण, बाहेर पडायला एकच जिना, हीटर बंद. बाई दोन वर्षं दर सभेला उठून सांगत होत्या: धूर झाला की वाजणारा भोंगा हवा, बाहेर पडायला दुसरी वाट हवी, हिवाळ्यात ऊब हवी, आणि वर्षातून एकदा कुणीतरी जाऊन पाहायला हवं. अखेर कौन्सिलनं ऐकलं. बाईंनी त्या शनिवारी ओट्सवर मध घातला, जो त्या एरवी फक्त वाढदिवसाला घालत.

पण शेवटच्या मसुद्यात पान अकरावर एक ओळ नवी आली होती. एका घरात एकमेकांशी नातं नसलेली तीनच माणसं राहू शकतील. चौथं चालणार नाही.

बाईंची लाल पेन्सिल त्या ओळीवर थांबली. मी चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण मला दिसलं की त्या मोजतायत. ओठ हलत होते. मग मीही मोजलं.

"हे आपल्याला लागू नाही ना?" मी विचारलं. "तुम्ही स्वतः राहता इथं. तुमचं घर आहे."

"मीही माणूसच आहे," बाई म्हणाल्या. "आणि माझं तुमच्याशी नातं नाही."

ती ओळ कुणी घातली ते पुढं कळलं. गल्लीतल्या घरमालकांना विद्यार्थी नको झाले होते, गाड्या, गोंगाट, आणि खरं सांगायचं तर आमच्यासारखे चेहरे. कुटुंब असेल तर आठ माणसं चालतील, आमच्यासारख्या मात्र तीनच.

तेव्हापासून मला चैन पडेना. आम्ही तिघी बूट-चपला दारातच काढायचो, आपली सवय. एके दिवशी बाहेरून येताना मला काचेतून ती रांग दिसली आणि वाटलं, कुणीही जाता जाता मोजेल. मी माझे बूट उचलून पोटमाळ्यावर नेऊन ठेवायला लागले. तिघींमध्ये शेवटी आलेली मी. कुणाला जावं लागलं तर ते मला, हे न सांगता ठरल्यासारखं होतं. आणि त्या गावात घरं ऑगस्टपासून ऑगस्टपर्यंत भाड्यानं जातात. मधेच खोली मिळत नाही. त्यात वसंतात माझी मोठी परीक्षा.

सभेच्या सोमवारी मीच बाईंना घेऊन गेले. हॉल कधी नव्हे इतका भरलेला. ओळखीचे शेजारी, दुकानदार. आमच्या शेजारच्या घरातले आजोबा, विम्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले, पुढच्या रांगेत. ते बाईंचे जुने स्नेही, पानगळीत आमचं अंगण झाडून देत.

बाईंची पाळी आली. तिथं उठून आधी नाव आणि पत्ता सांगावा लागतो. त्यांनी सांगितला आणि म्हणाल्या, "हा नियम मी मागितला होता. मी भोंगे मागितले, जिने मागितले, ऊब मागितली. नाती मोजा असं मी म्हटलं नव्हतं. पान अकरावरची ओळ काढून टाका."

शेजारचे आजोबा मागं वळून हसत म्हणाले, "अहो, तुमच्या घराबद्दल कोण बोलतंय? हे त्या दुसऱ्या घरांसाठी आहे."

"माझ्या घरात चार माणसं राहतात," बाई म्हणाल्या. "नातं नसलेली."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले. पायाखालची फरशी फाटावी असं सीतेला का वाटलं असेल ते मला त्या क्षणी समजलं. अध्यक्षबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "ते आम्ही ऐकलं नाही असं समजतो. पुढचे कोण?"

"का ऐकलं नाही?" बाईंचा आवाज चढला. "सेक्रेटरी, लिहून घ्या. दुसऱ्याच्या घराला लागतो तो कायदा माझ्या घराला लागत नसेल, तर तो कायदाच नव्हे. लिहा."

सेक्रेटरीनं लिहिलं. मतदान झालं, ओळ राहिली, नियम मंजूर झाला.

परत येताना रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं, बुटांखाली करकरत होतं. मी बाईंचा दंड धरून चालत होते. अर्ध्या वाटेत मला राहवेना.

"मॅम, तुम्ही रोज विचारता ना, हे कोणी ठरवलं म्हणून? आज माझ्याबद्दल कोणी ठरवलं? तुम्ही. आणि ठरलं तेव्हा मी तिथंच बसले होते. तुम्ही मला विचारलंत?"

बाई थांबल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. म्हणाल्या, "नाही विचारलं." थोडं चालल्यावर परत म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. नाही विचारलं."

नंतरचे काही दिवस विषयपत्रिका टेबलावर तशीच पडून. मग तपासणी अधिकारी आली, तरुण पोरगी, बिचारी संकोचून गेलेली. सभेत नोंद झाली म्हणून यावं लागलं, असं म्हणाली. भोंगे तपासले, जिने पाहिले, माझ्या पोटमाळ्याची खिडकी मोजली. सगळं उत्तम. मग खाली येऊन तिनं कागद दिला: महिनाअखेरपर्यंत घरात तीनच माणसं हवीत. माझं नाव त्यावर नव्हतं, पण मी तो कागद दहादा वाचला, नाव कुठं येतं का म्हणून.

मी खोली शोधायला लागले. एक खोली बसच्या शेवटच्या थांब्यापुढं दोन मैलांवर, एकीत मुलगे. सायली म्हणाली, "काही दिवस लॅबमध्ये झोप, मी टिफिन आणून देईन." शेजारचे आजोबा आले आणि हळूच बाईंना सांगू लागले, "ही तुमची देखभाल करते असं दाखवा. नोकर माणूस मोजत नाहीत. किंवा तुमच्या भाच्याची वाग्दत्त वधू. कोण तपासतंय?"

"मी तपासते," बाई म्हणाल्या. आजोबा मान हलवत गेले.

त्या संध्याकाळी बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी वरणाला फोडणी घालत होते. त्यांना मोहरीचा ठसका लागला तरी खिडकी न उघडता बसून राहिल्या, तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे.

"आजीची एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही," त्या म्हणाल्या. "खाणीच्या गावात एक स्लोव्हाक बाई होती. नवरा खाणीत मेलेला. ती भाडेकरू ठेवायची, एका खोलीत सात-आठ मजूर. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच गरम अंथरुणात. आजीनं ते पाहिलं आणि माणशी किती हवा हवी याचा कायदा आणवला. चांगला कायदा. डॉक्टरांनी कौतुक केलं. मग एक दिवस इन्स्पेक्टर आला आणि त्यानं मजुरांना बाहेर काढलं. आजी बघायला गेली. ती बाई दारात उभी होती. ती आजीला म्हणाली, तू माझं घर स्वच्छ केलंस, पार रिकामं करून."

"मग?"

"मग काही नाही. त्या बाईचं पुढं काय झालं, आजीला कधी कळलं नाही. म्हातारपणी ती मला सांगायची, कायदा बरोबर होता, पण त्या माणसांनी झोपायचं कुठं हे मी आदल्या दिवशी बघायला हवं होतं." बाईंनी नाक पुसलं. "जा, तुझं वरण करपतंय."

दोन दिवसांनी मी लॅबमधून दुपारीच घरी आले. दार उघडलं तर समोर, जिन्याखाली, दोन सुटकेस बांधून ठेवलेल्या. म्हटलं, आलं. आपलं सामान बाहेर काढलं. निदान मला विचारून तरी बांधायचं. मी तशीच कोटासकट खालच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. बाई हातात उशी घेऊन त्यांच्या खोलीतून आल्या.

"काय झालं? कुणी मेलं का घरी?"

"मी जाते मॅम. तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"तू कुठं जातेस?" त्यांनी उशी सुटकेसवर ठेवली. "ते माझं सामान आहे."

मला कळेना. त्यांनी मग शाळेतल्या पोराला शिकवावं तसं मला विचारलं, "नियम काय म्हणतो?"

"नातं नसलेली तीनच माणसं."

"तुम्ही किती जणी?"

"तीन."

"मग झालं. चौथं माणूस मी आहे."

गावाच्या टोकाला म्हाताऱ्या माणसांचं एक निवासस्थान होतं, तिथं त्यांनी आठवड्यापूर्वीच जाऊन खोली ठरवली होती. एक बेड, एक खुर्ची, स्वयंपाकघर नाही. मी किती विनवण्या केल्या! म्हटलं, हे तुमचं घर आहे, तुमच्या नवऱ्यानं बांधलेलं, तुम्ही कशाला? मी जाते, लॅबमध्ये झोपते, काहीही करते. त्या म्हणाल्या, "तुला परीक्षा आहे. मला काय आहे?" आणि मग जरा हलक्या आवाजात, "या वेळी विचारते. चालेल तुला?"

घर माझ्याकडून सुटणार नाही या एका गोष्टीनं माझा श्वास मोकळा झाला होता आणि त्या मोकळ्या श्वासाचीच मला लाज वाटत होती. मी मान हलवली.

संध्याकाळी भाचा गाडी घेऊन आला आणि बाई गेल्या. मौशुमी खिडकीत उभी राहून रडली. सायली चिडून म्हणाली, "तिला फक्त जिंकायचं होतं गं. यार, स्वतःचं घर सोडून कोण जातं? आता आपल्याला इथं झोप लागेल का?" तिचं अगदीच चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. त्या हिवाळ्यात आम्ही तिघी त्या घरात चोरासारख्या राहिलो. बाईंच्या खोलीचं दार बंद असे आणि त्यावरून जाताना पावलं आपोआप हळू पडत.

बाई रविवारी जेवायला यायच्या आणि अंधार पडायच्या आत परत जायच्या. मुक्काम केला तर चार होतील ना! तिकडच्या घरातही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. रात्रीचं जेवण पाच वाजता का, हे कोणी ठरवलं, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. महिन्याभरात राहणाऱ्यांची निवडणूक होऊन जेवणाची समिती बसली, आणि जेवण साडेसहावर गेलं. तिथली व्यवस्थापक मला एकदा बसस्टॉपवर भेटली. म्हणाली, "तुमच्या घरमालकीण छान आहेत हो. परत कधी घेऊन जाणार?"

सोमवारची सभा त्यांनी चुकवली नाही. बर्फातून वॉकर ढकलत गेल्या, सह्या गोळा केल्या, हरल्या, परत गेल्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी कौन्सिलनं त्या नियमाला एक पुस्ती जोडली: भाड्याचा करार चालू असताना कुणालाही घराबाहेर काढायचं नाही. तीनची ओळ तशीच राहिली. बाई म्हणाल्या, "अर्धी पोळी मिळाली," आणि त्यांनी त्या दिवशी मध मागवला.

मी परीक्षा पास झाले. पुढं पदवी घेऊन मिनेसोटाला नोकरीसाठी निघाले तेव्हा म्हटलं, आता तरी घरी या, जागा झाली. पण तोवर त्यांचा खुबा मोडला होता, जिने चढता येत नव्हते. घराचा कारभार भाच्यानं एका एजंटकडे दिला होता, आणि माझी खोली कुणा नव्या मुलीला गेलीही होती.

गेल्या नोव्हेंबरात कॉन्फरन्सच्या निमित्तानं मी त्या गावी गेले. बाईंना भेटले. फार वाळल्या होत्या, पण माझे हात घेऊन नखं पाहिली. म्हणाल्या, "मला घरावरून ने. बाहेरूनच."

मी गाडी समोर लावली. पण बाहेरून पाहून त्यांचं समाधान होईना. वॉकर काढायला लावला, माझा हात धरून पायऱ्या चढल्या आणि स्वतःच्या घराची बेल दाबून उभ्या राहिल्या, पाहुण्यासारख्या.

दार थोडं उघडलं. आत एक मुलगी होती, विशीतली, आपल्याकडचीच वाटली, केस ओले, अंगावर शाल. तिनं आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या गळ्यातल्या कॉन्फरन्सच्या ओळखपत्राकडे. तिचा चेहरा उतरला.

"आम्ही तिघंच राहतो इथं," ती घाईघाईनं इंग्रजीत म्हणाली. "फक्त तिघं. वर कुणी नाही."

मी काही बोलायच्या आत बाई पुढं झाल्या. "मी मोजायला आले नाही गं," त्या म्हणाल्या.

मुलीला ते पटलं नाही. ती दाराला धरून तशीच उभी, अर्धं अंग आत. मी ओळखपत्र ओढून खिशात कोंबलं, मराठीत म्हटलं, हिंदीत म्हटलं, घाबरू नकोस, मी इथंच राहत होते. तिनं मान हलवली, पण डोळे आमच्यावरून हलेनात.

"गारठा आत जातोय," बाई म्हणाल्या. "लाव दार."

तिनं लावलं. आतून साखळी सरकवल्याचा आवाज आला.

पायऱ्या उतरायला आम्हाला बराच वेळ लागला. गाडीत बसल्यावर बाईंनी पट्टा लावला नाही, नुसत्या समोर बघत राहिल्या.

"ती घाबरली," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला बघून घाबरली."

नाही, माझं ओळखपत्र बघून, असं मी म्हणणार होते. पण ते मोजणं बाईंच्या नियमातूनच आलं होतं, आणि या बाईंशी मी कधी खोटं बोलले नव्हते. मी वाकून त्यांचा पट्टा लावला आणि गाडी सुरू केली.